तीन नंबरच्या मशीनवरचे पासवर्ड

बाहेर कोल्हापूरच्या राजारामपुरीत ऊन मी म्हणत होतं, आणि हा पठ्ठ्या दारात उभा — हातात निथळणारी छत्री, गुडघ्यापर्यंत ओली पँट!

"ओ पावणं," काउंटरवरून संघप्रिया कडाडली, "आत्ताच फरशी पुसलीय. हितं पावसाचा थेंब न्हाय, आणि तुम्ही कुठनं भिजून आलाय?"

"गगनबावड्यास्नं," तो म्हणाला. "तिकडं चार दिवस झालं, थांबलेलाच न्हाय, त्यात एसटीबी गळकी... छत्री कुठं ठेवू?"

तिनं पायानं बादली पुढं सरकवली. तो हसला. झालं! दोन वर्षांपूर्वीची श्रावणातली ती सकाळ, आणि तेव्हापासून आण्णांच्या नेट कॅफेतल्या या पोरीचा आठवडा सोमवारी सुरू व्हायचा आणि सोमवारीच संपायचा.

त्याचं नाव प्रसेनजीत. गगनबावड्यात त्याचं झेरॉक्सचं दुकान. गावातल्या पोरापोरींचे नोकरीचे, परीक्षेचे फॉर्म तो भरून द्यायचा. पण गावात नेट नव्हतं, म्हणून दर सोमवारी एसटीनं कोल्हापूर गाठायचा. गाडी स्टँडला लागायची दहा चाळीसला. तिथनं चालत वीस मिनिटं. बरोबर अकराला तो कोपऱ्यातल्या तीन नंबरच्या मशीनवर बसलेला असायचा.

प्रत्येक फॉर्मचा पासवर्ड वेगळा. त्याच्या लक्षात राहील तर शपथ! भिंतीवर संघप्रियाच्याच अक्षरात पाटी होती — 'पासवर्ड सेव्ह करू नये.' पण त्याच्यासाठी तिनंच ब्राउझरला सगळे पासवर्ड लक्षात ठेवायला लावले. मग त्या मशीनवर दुसरं कुणी बसून कसं चालेल? आठवडाभर ती गिऱ्हाइकांना बिनदिक्कत थाप मारायची, "तीन नंबरचा माऊस बिघडलाय." दोन वर्षं तो माऊस बिघडलेलाच होता, आणि आण्णांना पत्ता नव्हता!

सोमवारी दुपारी तो गेला, की ती हळूच त्याच खुर्चीत जाऊन बसायची. आपली मेल उघडायची... मेल कसली, कोण पाठवतंय तिला! नुसती बसायची. एरवी कडाडायला जीभ कशी सरसर चालायची. नेमकं ते एक वाक्य ओठाशी आलं, की टाळूला चिकटायची.

यंदाच्या श्रावणात एका सोमवारी तो आला, तो हातात वही घेऊन. वही कोरी होती, कोपरे मात्र दुमडलेले.

"गावात नेट आलंय," तो म्हणाला. "दुकानात कॉम्प्युटर घेतला. ब्राउझरबी नवा हाय, ह्याच्यापेक्षा लई जोरात पळतोय. तेवढे ह्यातले पासवर्ड तिकडं न्यायचे होते..."

"व्हय? बरं झालं की. मग आता सोमवारी —"

"आता... काम न्हाय ना."

काम न्हाय! असा राग आला तिला... त्याचा, गावात आलेल्या नेटचा, जोरात पळणाऱ्या त्या ब्राउझरचा. एक आकडा चुकीचा लिहून दिला तर? येईल की परत धावत! पण त्यात आकारामची पोलीसभरती होती, झुंबरबाईच्या नातीचा नर्सिंगचा फॉर्म होता. त्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं? तिनं गपगुमान पेन उचललं.

"तुम्ही वाचा. लिहायचं माझ्याकडं."

तिनं जुन्या ब्राउझरातली यादी उघडली, 'दाखवा'वर टिचकी मारली, आणि सगळे पासवर्ड ओळीनं उघडे पडले. तो वाचू लागला. आकारामचा झाला, झुंबरबाईच्या नातीचा झाला, कृष्णातचे दोन झाले. दर ओळीनंतर तो उगाच थांबायचा, तिच्या हाताकडं बघायचा.

"तुमचं अक्षर चांगलं हाय."

"दोन वर्षांनी दिसलं व्हय?"

"न्हाय... भिंतीवरची पाटी दर सोमवारी वाचतोय की."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो पुन्हा स्क्रीनकडं वळला. "अठरावा. संघप्रिया कांबळे," तो नादात वाचून गेला, "गगनबावडा, एक, शून्य, चार, शून्य..."

पेन थांबलं. तोही थांबला.

आई गं! कुठल्यातरी सोमवारी त्याच्या खुर्चीत बसून, ध्यान भलतीकडंच असताना, ब्राउझरच्या 'मेलचा पासवर्ड लक्षात ठेवू का' या प्रश्नाला ती 'हो' म्हणून बसली होती. दुसऱ्यांना पाटी लावणारी ही शहाणी!

"ही... माझी गाडी हाय," तो सावकाश म्हणाला. "पण मी हितं अकराला येतोय. मग दहा चाळीस का?"

आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? वहीत बघतच ती म्हणाली, "माझं वाट बघणं दहा चाळीसलाच सुरू होतंय."

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नेमके आण्णा दारात — "संघप्रिया, प्रिंटरचा कागद संपलाय बघ गं!" प्रसेनजीत धडपडत उठला. वही उचलली, खुर्चीला अडखळला आणि निघून गेला.

छत्री बादलीतच राहिली. भर पावसाळ्यात गगनबावड्याचा माणूस छत्री विसरला, एवढाच काय तो तिला धीर.

तो आठवडा कसा गेला, तिचं तिला ठाऊक. फोन वाजला की डोळे लकाकायचे, आणि निघायचा गॅसवाल्याचा फोन. रोज सकाळी ती छत्री उन्हात वाळत घालायची. दोन दिवसांतच ती खडखडीत वाळली होती, तरी घालायची. तीन नंबरवर मात्र बसवेना.

सोमवार उजाडला. आज घड्याळ बघायचंच नाही, असं तिनं ठरवलं. दहा चाळीसला बघितलंच. त्याचं काम नाही आता, कशाला येतोय... भरल्या डोळ्यांनी ती फरशी पुसायला लागली.

पाच मिनिटांत दारात रिक्षा थांबली. दोन वर्षांत ज्यानं एकदा रिक्षा केली नव्हती, तो खाली उतरला. नखशिखांत भिजलेला!

"छत्री न्यायला आलाय?" तिनं फडकं घट्ट धरलं.

"न्हाय."

"पासवर्ड चुकला एखादा?"

"सगळे उघडले. तुमच्या हातनं चुकतंय व्हय!" त्यानं श्वास घेतला. "गावात नेट येऊन दोन महिने झालं. दर सोमवारी ती वही पिशवीत घालून आणायचो, आणि तशीच परत न्यायचो... काम संपलं, तर यायचं काय सांगून? मागच्या सोमवारी तुम्ही बोलला, आणि मला बोलायचं सुचेचना. पळालो येड्यासारखा. आता आईला सांगितलंय. रविवारी ती तुमच्या घरी यायची म्हणत्या. ...चालंल?"

तिचे डोळे वाहत होते, आवाज मात्र तोच. "आठ दिवस लागले व्हय एवढं सांगायला? कॅफेला फोन न्हाय?"

"फोनवर सांगायची गोष्ट हाय काय ही?"

ती हसली. मग पदराआड लपावं तसं फडक्याआड तोंड लपवून म्हणाली, "चालंल. पण मला आता पासवर्ड बदलायला लागणार. तुम्ही बघितलाय."

"बदल की." 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते दोघांनाही ऐकू आलं. प्रसेनजीतनं दारात थांबलेल्या रिक्षाकडं मान वळवली. "दहा पंचेचाळीस कर. सोमवारी आता चालत न्हाय यायचो मी. तेवढीच पंधरा मिनिटं तुला कमी वाट बघाय लागंल..."