हूं देणारं

अकोल्यात जठारपेठेच्या एका गल्लीत, जिना चढून गेलं की अपेक्षाबाईंची समुपदेशनाची खोली. दोन खुर्च्या, एक कूलर, खिडकीला जाड हिरवा पडदा. मे महिना असा तापलेला की भिंतीला पाठ टेकवत नव्हती.

अपेक्षा मूळची तेल्हाऱ्याची. शिकली अमरावतीला, पण खरं काम शिकली त्याआधीच, आईपाशी. आई तूर पाखडताना आपलं दुखणं सांगायची आणि सहा वर्षांच्या पोरीनं मध्ये मध्ये "हूं" द्यायचं. डोळा लागला की चिमटा. पुढे पुस्तकांनी मोठमोठी नावं घेऊन तेच सांगितलं, सल्ला देऊ नका, ऐका. तिनं तेवढंच धरलं. माणूस समोर बसून मन ओकायचा आणि हलका होऊन जिना उतरायचा.

अर्ध्या जिल्ह्याचं ऐकून घेणाऱ्या ह्या बाईचं ऐकायला मात्र कोणी नव्हतं. नवरा, सूर्यभान, पातूरला मास्तर. फोनवर म्हणायचा, "तू तं शिकेल आहे, तुयं तूच समजून घे ना." ती थकली होती, आणि झोपून उतरावा असा तो थकवा नव्हता. लोकांचं रडणं कानात साचलं होतं अन् स्वतःचं एक वाक्य सांडायला जागा नव्हती.

गोदाबाई अकोटहून एसटीनं यायची. लेक प्रणाली तिच्याशी बोलत नव्हती. पहिल्याच दिवशी गोदाबाईनं अपेक्षाला सुनावलं होतं, "इतके कॉलेज केले, अन् हूंच शिकली काय व माय?" तरी दर मंगळवारी हजर. बोलताना नजर पदराच्या काठावर, समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघायची नाही.

एका मंगळवारी अपेक्षाचा बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तेव्हा गोदाबाई तोंड पुसत उठत होती.

"आज बराबर हूं देल्लं तुमी. खंड नाही पडू देल्ला. माया जीव कसा हलका झाला."

अपेक्षानं काहीच दिलं नव्हतं.

कूलर घरघरला असेल, असं तिनं ठरवलं. पुढच्या मंगळवारी कूलर बंद केला आणि ओठ घट्ट मिटून बसली. गोदाबाईचं वाक्य संपलं.

"हूं."

अपेक्षाच्या खुर्चीमागून आलं, भिंतीच्या अंगानं. ओलसर, जरा घाईचं. उपाशी माणूस ताटाकडे पाहतो ना, तसं.

"गोदाबाई, हे हूं मी नाही देल्लं."

गोदाबाई चपलेत पाय घालता घालता थांबली. "सांगनाऱ्याले हूं द्या लागते, बाई. आपन नाही देल्लं तं दुसरं कोनी देते. मंग त्याले सवय लागते." एवढं बोलूनही पुढच्या मंगळवारचं विचारायला ती विसरली नाही.

ती गेल्यावर अपेक्षानं कुलूप लावून घरी जायला हवं होतं. ती लोकांच्या खुर्चीत जाऊन बसली.

"मी थकली," ती भिंतीला म्हणाली.

"हूं."

मग तिला थांबवेना. सूर्यभानचं सांगितलं, आईच्या चिमट्यांचं सांगितलं. रडली. हूं चुकलं नाही. दुसऱ्या दुपारी पुन्हा बसली. तिसऱ्याही. कित्येक वर्षांत तिला अशी झोप लागली नव्हती.

मंगळवार उजाडला तेव्हा तिचं सांगून संपलं होतं. ती गप्प बसली.

पलीकडून कोणीतरी श्वास घेतला.

आणि सांगायला लागलं.

"हूं," अपेक्षा म्हणाली. लहानपणची सवय.

दुपार झाली. दारावर थाप पडली.

"अपेक्षाबाई! पोट्टी बोलली व मायाशी! कोंडून काहून घेतलं?" गोदाबाईनं दार ढकललं.

समोरची खुर्ची रिकामी होती. अपेक्षानं मान न वळवता हात वर केला.

"हळू बोला जी. त्यायचं आत्ताच सुरू झालं. त्यायच्या सांगन्यात अजून तं अकोल्यात रेल्वेबी नाही आली."