स्वरांजली चेटकीण

माझं आणि संपतचं लग्न झालं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मी तर अजून त्याला ओळखतही नाही.

तर, दौंडहून कुरकुंभला निघालेली कंपनीची बस. बाहेर ऊस, आत मी. पाटसची भामा. मोबाईलवर माझी चेटकिणीची गोष्ट लिहीत होते. शेजारचा बॉयलरवाला बिनदिक्कत वाचत होता.

“चेटकिणीला नाव न्हाई व्हय?”

“शोधतेय. ऐकून पोटात गोळा आला पाहिजे.”

“जाईबाई?”

“ही तर अंगारा लावून ताप उतरवेल.”

“मग... तुमचं नाव काय?”

“भामा. आजीचं ठेवलंय. का, आला गोळा?”

“आला,” तो खिडकीकडं बघत म्हणाला. “पण निराळा.”

पुढं संपत रोज शेजारीच बसायला लागला. उसाचा ट्रॅक्टर आडवा आला की सगळी बस वैतागायची – हा एकटा खूश.

दोन्ही घरं हो म्हणाली. मग एका सकाळी तो घुटमळला. “आईनं तुझं नवं नाव काढलंय. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहायचं... स्वरांजली.”

माझ्या पोटात गोळा आला.

“सापडलं,” मी म्हणाले. “चेटकिणीचं नाव.”

“आन् तू?”

“मी भामा. मांडवात पण, मांडव उतरल्यावर पण. नाहीतर कर त्या स्वरांजलीशी लग्न. मेंढरू करेल तुझं.”

“घरी हायेत तेवढी बास,” तो म्हणाला. “चल, आईला सांगू.”

इनामगावात मी तेच त्याच्या आईला, सुषमाआत्यांना, तोंडावर सांगितलं. त्या लसूण सोलत राहिल्या. “आमचं बी बदललं व्हतं. आमी काय मेलो?”

“तिचं बदललं तर माझंबी बदलायचं,” संपत म्हणाला. “मला म्हस्कू चालंल.” मग आईकडं वळून, “आई... तुझं आधीचं काय व्हतं गं?”

आत्यांनी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. मग नव्या नवरीसारख्या, हळूच – “साखर.”

मांडवात ताट आलं. संपतनं लिहिलं, भामा. मी त्याच्याकडं बघते तोवर आत्यांनी त्याच्या हातातली अंगठी घेतली, वाकल्या, आणि खाली लिहिलं, साखर. भटजींना पुढचा मंत्र सापडेना.

तरी सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर ताटातील तांदूळ वरपक्षाने, वधूपक्षाने अथवा आचाऱ्याने कधीही शिजवू नयेत, ताट हलवू नये, व त्या बाजूला पंखा लावू नये, ही विनंती.