निःस्वनी

शेडमध्ये आठ हॅमर एकाच वेळी लालबुंद लोखंडावर आदळत होते आणि मृदुला खराडेला शेजारच्या प्रेसवरच्या यासीनभाईंचं गुणगुणणं स्पष्ट ऐकू येत होतं. जमीन पायाखाली हादरत होती. आवाज मात्र नव्हता.

वर्षापूर्वी असं नव्हतं. तपासणी विभागात लागल्यापासून मृदुलाचं डोकं ठणकायचं, घरी गेल्यावरही कानात घण पडत राहायचे. हॅमरभोवती ध्वनिरोधक भिंती घाला, म्हणून तिने कारखान्याचे व्यवस्थापक दिघे यांना तीनदा विनवलं होतं.

"हा कारखाना आहे मॅडम, वाचनालय नाही," दिघे सगळ्यांदेखत ओरडले होते. "झेपत नसेल तर घरी बसा."

भिंतींऐवजी दिघ्यांनी निःस्वनी आणली. ती भिंतींपेक्षा स्वस्त होती. कानामागच्या हाडात बसवलेली ही तांदळाएवढी चकती कान बंद करत नसे. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांतून नकोसा आवाज तेवढा पुसून टाकायची. कामगारांनी ती आनंदाने बसवून घेतली. मृदुला कित्येक महिन्यांनी शांत झोपली.

मग एके दिवशी दिघे तिच्या टेबलासमोर उभे राहिले. चेहरा लाल, बोट नाचतंय, ओठ हलताहेत, पण शब्द एकही नाही. मृदुलाला आधी हसू आलं. दिघे निघून गेल्यावर मात्र तिने कानामागे बोटाने चाचपून पाहिलं.

चकती बनवणाऱ्या डॉक्टर नर्गुंदकरांकडे मृदुला गेली.

"नकोसा आवाज कोणता, हे तिला कळतं कसं?" तिने विचारलं.

"तिला आवाजातलं काही कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिला तुम्ही कळता. ज्या आवाजाने तुमची छाती धडधडते, तळहाताला घाम फुटतो, तो ती पुसते. सुरुवातीला तुम्ही घाबरल्यावर पुसायची. आता शिकली आहे, घाबरण्याआधीच पुसते."

"म्हणजे मला भीती वाटेल असं काहीच ऐकू येणार नाही?"

"आमच्या चाचण्यांत फक्त यंत्रांचे आवाज होते," त्या म्हणाल्या. "तिथे कुणी कुणाला भीत नव्हतं."

"मग काढा ही."

"मालकी कारखान्याची आहे. साहेबांची सही लागेल. मी बोलते त्यांच्याशी."

डॉक्टर बोलल्या. दिघ्यांनी सही दिली नाही. उत्पादन वाढलं होतं, तक्रारी बंद झाल्या होत्या. हवंय काय आणखी?

पुढच्याच आठवड्यात मृदुलाने तपासता तपासता सहज मान वर केली. यासीनभाईंचा हात कोपरापर्यंत प्रेसमध्ये अडकला होता. तोंड वासलेलं, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. त्यांच्याकडे पाठ करून चौघे जण निवांत काम करत होते. मृदुला जिवाच्या आकांताने ओरडली. घशात कळ उठली, पण स्वतःचा आवाज तिला ऐकू आला नाही. त्या चौघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. तिने धावत जाऊन प्रेस बंद करायचं लाल बटण दाबलं. तोवर हात गेला होता.

चौकशीत दिघ्यांनी त्या चौघांनाच बोलावून एकच प्रश्न विचारला, "यासीन ओरडला का?" चौघांनीही शपथेवर, खरं तेच सांगितलं. नाही, साहेब. मग मदत मागितली नाही, चूक त्याचीच, असं ठरलं.

मृदुला इस्पितळात गेली तेव्हा यासीनभाई छताकडे बघत पडले होते.

"ताई, एक विचारू?" ते हळूच म्हणाले. "सगळे म्हणतात मी ओरडलोच नाही. मलाही तसं काही ऐकल्याचं आठवत नाही. खरंच ओरडलो नव्हतो का मी?"

"ओरडलात, भाई. मी बघितलं."

"बघितलं. ऐकलं नाहीस ना?"

मृदुलाने नजर वळवली. अपघात विभागाच्या त्या लांबलचक खोलीत दोन्ही बाजूंना खाटा होत्या आणि सगळीकडे शांतता होती. पलीकडच्या खाटेवर, भाजलेल्या एका बाईच्या जखमेवरची पट्टी नर्स सोडवत होती. नर्सने दाताखाली ओठ दाबला होता. बाईचं तोंड उघडं होतं आणि ते मिटतच नव्हतं.