चुकीचं लावलेलं मँडोलिन

"दुकानात कोणी आहे का?" असं त्याने माझ्याकडेच बघत विचारलं.

"नाही. मी भिंतीवरची खुंटी आहे," मी म्हटलं.

बिचाऱ्याचे कान लाल झाले. वाद्यं दुरुस्त करायचं दुकान बाबांचं, पण बाबा जेवायला गेले की राज्य माझं. शाळा चौथीत सुटली तेव्हापासून मी तारांमध्येच वाढले. तार उतरली तर मला समोरच्या फुटपाथवरून कळतं. उगाच सांगत नाही.

त्याने मँडोलिन पुढ्यात ठेवलं. डाव्या हाताची दोन बोटं पट्टीत… दारात चेचलेली. चार दिवसांनी नाटक कंपनीच्या वाद्यवृंदाची निवड होती आणि उरलेल्या बोटांनी सूर धरता येईना.

"विकायचंय," तो म्हणाला. पण हात काही वाद्यावरून निघेना.

"ओ मँडोलिनवाले, विकायला आलात की मिठी मारायला?"

तो हसला. एका गालाला खळी पडली. बघितली मी. न बघायला मी काही आंधळी नव्हते.

मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. सगळं जग त्या सा, प, रे, ध अशा लावतं. लहानपणी माझी बोटं पुरायची नाहीत, म्हणून मी खुंट्याच पिळल्या. 'रे' उतरवून 'सा' केला, 'ध' उतरवून 'प'. सा-प-सा-प. मग काही न दाबता तारांवरून नुसती नखी फिरवली तरी सगळं एकदिलाने गुणगुणतं, आणि एकच बोट आडवं टाकलं की चारही जोड्या मिळून वर सरकतात. बाबा त्याला 'चुकीचं लावणं' म्हणत. त्याचंही मी तसंच चुकीचं लावलं.

"वाजवा."

"काय दाबू?"

"काहीच नाही."

त्याने नखी फिरवली. मग एक बोट आडवं टाकून पुन्हा.

"हे — हे कुठे शिकलात?"

"कुठे म्हणजे? याच स्टुलावर."

मग रोज दुपारी यायला लागला. त्याचं बोट सरळ पडायचं नाही, मी धरून पाडायचे. सरळ पडल्यावरही थोडा वेळ धरूनच ठेवायचे…

"आज फारच वेळ शिकवताय."

"तुमच्या डोक्यात लवकर शिरत नाही, त्याला मी काय करू?"

निवडीच्या आदल्या दिवशी तो चाचरत म्हणाला, "निवड करणाऱ्या मास्तरांनी विचारलं तर… परदेशी पद्धत आहे म्हणून सांगू? दुकानातल्या मुलीची म्हटलं तर हसतील."

माझा हात सरळ खुंटीवर गेला. "मग आणा इकडे, जगासारखं लावून देते. माझी जुळणी माझ्या नावाने वाजेल, नाहीतर वाजायची नाही."

"पण माझी जागा जाईल —"

"जाऊ दे!"

तो मँडोलिन उचलून निघून गेला. माझ्या घशाखाली घास उतरला नाही, पण ते मी कुणाला दिसू दिलं नाही.

निवडीला मी बाबांना घेऊन गेले, माझी जुळणी कुणाच्या नावाने वाजते ते ऐकायला. आत बसले नाही, दारातच उभी राहिले, मान ताठ. त्याने वाजवलं तेव्हा कुजबुजणारी माणसंसुद्धा थांबली. मास्तरांनी चष्मा काढला.

"ही कुठली जुळणी?"

त्याने दाराकडे बघितलं.

"दारात त्या उभ्या आहेत ना… त्यांची," तो म्हणाला. "वाद्यं दुरुस्त करतात. हसायचं तर मला हसा. मी काल त्यांचं नाव लपवायला निघालो होतो."

कोणी हसलं नाही.

"आणि त्या तुमच्या कोण?"

"अजून… कोणी नाहीत." त्याने माझ्याकडे बघितलं. "व्हाल का?"

सगळ्या माना वळल्या. मी मान खाली घालायला हवी होती म्हणे, बाबा नंतर म्हणाले. का घालावी? काय चोरलं होतं मी? पण जीभ मात्र दगा देऊन गेली. 'ओ मँडोलिनवाले' इतके दिवस तोंडात बसलेलं, ते नेमकं तेव्हाच सापडेना.

"अहो," मी म्हटलं, "तुमची चौथी जोडी उतरलीय. आधी ती नीट करा."

काय बोलून बसले ते मला कळायच्या आत सगळ्या खोलीला कळलं. लग्नाआधीच 'अहो'! हशा उसळला. बाबांनी तर कपाळालाच हात लावला.

मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला. "उत्तर मिळालं तुम्हाला," ते त्याला म्हणाले. "जागाही मिळाली. आता त्या सांगतात ते करा."