अकरावा नियम

रविवार कारंजाच्या चढावर कौसल्या पगारेला त्या दिवशी जे दिसलं, ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं. श्रावणातली भुरभुर चालू होती. एक लुना धापा टाकत वर येत होती. पुढे सुलभा गायधनी, आणि मागे गुडघे दुमडून, एका हातात तिची पर्स, दुसऱ्या हातात तिचीच फुलाफुलांची छत्री धरून बसलेला निवृत्ती गांगुर्डे. चढ लुनाला झेपेना, तसा तो उतरून ढकलायला लागला. तेवढ्यात त्याची नजर कौसल्याकडे गेली.

"अहो पगारे... तुम्ही इकडे कुठे?"

"रस्ता सगळ्यांचाच आहे," ती म्हणाली. "ढकला तुम्ही. बाई खोळंबल्यात."

सुलभा छान हसली. हसायला तिचं काय जात होतं?

हे दोघं एका लुनावर का, ते कौसल्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. कुटुंब सेवा मंडळाची निवडणूक लागली होती. शालिमारजवळच्या दोन खोल्यांत चालणारं हे मंडळ नवरा-बायकोची भांडणं मिटवायचं, माहेरी परतलेल्या मुलींना शिवण शिकवायचं. कार्यकारिणीच्या जागा सात आणि उमेदवार आठ, त्यांत कौसल्या, निवृत्ती आणि सुलभाही. अध्यक्ष यशोदाबाईंनी घालून दिलेली रीत अशी, की उमेदवाराने स्वतःसाठी मत मागायचं नाही. चिठ्ठ्या काढायच्या, आणि ज्याच्या चिठ्ठीत जो उमेदवार निघेल, त्याची सगळी माहिती काढून सभेत ओळख करून द्यायची. कौसल्याच्या चिठ्ठीत सत्तरीचे सावळीराम मास्तर निघाले. निवृत्तीच्या चिठ्ठीत सुलभा.

आणि निवृत्ती मेला पहिल्यापासूनच कामाचा पक्का. माहिती काढायची म्हणजे तिच्या घरी जायचं, तिच्या वडिलांशी बोलायचं, तिच्याबरोबर वस्तीत फिरायचं. पंधरा दिवस तो तेच करत होता. प्रेसमधली पाळी संपली की थेट कॉलेज रोडला, तिच्या घरी.

वर्षभर दर शनिवारी निवृत्ती आणि कौसल्या मंडळात एकाच टेबलामागे बसायचे. समोर भांडणारी जोडपी, अलीकडे हे दोघं. एखादा नवरा फारच खोटं बोलायला लागला, की निवृत्ती हळूच तिच्याकडे बघायचा, आणि तिला हसू दाबायला रुमाल शोधावा लागायचा. बोलणं असं कधी काही झालं नव्हतं. पण शुक्रवारी रात्री ती साडी इस्त्री करून ठेवायची, आणि जिल्हा परिषदेत कारकुनी करायला काही ती इस्त्रीची साडी नेसत नव्हती.

ओळखीच्या सभेत निवृत्ती सुलभाबद्दल बारा मिनिटं बोलला. कौसल्याने घड्याळ लावून मोजली. सुलभाताई किती मनमिळाऊ, सुलभाताईंच्या हाताला काय चव, पंचवटीत पाणी शिरलं तेव्हा त्यांनी एकटीने चाळीस माणसांच्या पोळ्या लाटल्या.

"पोळ्या खाल्ल्यात वाटतं," चहाच्या वेळी कौसल्या म्हणाली.

"खाल्ल्या ना. मऊ होत्या."

"मग बोललात ते कमीच. अजून बारा मिनिटं हवी होती तुम्हाला."

"तुम्ही... रागावलात का?"

"मी कशाला रागावू? मी कोण?"

तो काहीतरी बोलणार होता. पण कपातल्या चहाकडे बघत बसला.

सोमवारी अर्ज मागे घ्यायची मुदत संपायची होती. मंगळवारी फळ्यावर नोटीस लागली. निवृत्ती गांगुर्डे यांनी अर्ज मागे घेतल्याने उरलेले सातही उमेदवार बिनविरोध. मतदान झालं असतं तर सुलभाच पडली असती, हे सगळ्यांना माहीत होतं. ती नवी होती, कॉलेज रोडच्या बंगल्यांतली होती, तिला मतं कोण देणार? म्हणजे याने आपली जागा तिला दिली. कौसल्याला दुसरं काही सुचेचना.

ती तडक यशोदाबाईंकडे गेली. "बाई, गांगुर्डे का मागे हटले?"

यशोदाबाईंनी चष्मा लावून कागद काढला. "कारण एका ओळीत दिलंय त्याने. नियम अकरा."

अकरावा नियम कौसल्याला पाठ होता. एकाच घरातले दोघे एका वेळी कार्यकारिणीवर राहू शकत नाहीत. जिथे घरची भांडणं मिटवायची, तिथे एका घराचं वजन नको, असं यशोदाबाईंचं म्हणणं. निवडून आलेल्या सातांत निवृत्तीच्या घरचं कोणी नव्हतं. अजून नव्हतं. मग लवकरच कोण होणार होतं, ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा होता?

घरी जाऊन तिने राजीनामा लिहिला. कार्यकारिणीची तीन वर्षं त्या बाईशेजारी बसायचं, तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघायचं, हे तिच्याने होणार नव्हतं. मंडळात यायचं म्हणून तिने घरात दोन स्थळं परतवली होती, वडिलांशी, अण्णांशी, अबोला धरला होता. ते सगळं ती सोडायला तयार झाली.

शनिवारी ती पाकीट घेऊन गेली. यशोदाबाई आल्या नव्हत्या. ओसरीवर दिंडोरीकडचं एक जोडपं एकमेकांकडे पाठ करून बसलं होतं, आणि आत टेबलाशी निवृत्ती होता.

"अभिनंदन," कौसल्या म्हणाली.

"माझं? अभिनंदन तर तुमचं. निवडून तुम्ही आलात."

"लग्नाचं म्हणतेय मी. सुलभाताईंशी. यशोदाबाईंनी सांगितलं मला, नियम अकरा."

निवृत्तीचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"सुलभाताईंशी? अहो, त्यांचा गेल्या वर्षीच साखरपुडा झालाय, पुण्याच्या डॉक्टरशी. मी भाषणात सांगितलं की."

"ते मी ऐकलं नाही. मी घड्याळ बघत होते." कौसल्याचा आवाज एकदम खाली आला. "मग... कोणाशी?"

"सातांत बायका तीन. एक सुलभाताई, एक भागीबाई, त्यांना नातवंडं आहेत." त्याने मान वर केली नाही. "राहिलं कोण, बघा तुम्हीच."

तिने पाकीट टेबलावर आपटलं. "आणि मला विचारायचं नाही? परस्पर घर मांडून मोकळे?"

"अर्ज मागे घ्यायची मुदत पाच वाजता संपत होती. तुम्हाला विचारायचं धाडस व्हायला मला अजून वर्ष लागलं असतं. आणि दोघं निवडून आलो असतो, तर तीन वर्षं..." तो अडखळला. "तीन वर्षं थांबायची माझी तयारी नव्हती."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर जागाही गेली आणि तुम्हीही गेलात. माहीत होतं मला."

ओसरीवरून बाईचा आवाज आला. "ताई, तुमचं मिटवा आधी. आम्ही बसतो. आमचं लय जुनं हे."

कौसल्याने पदराने तोंड पुसलं. डोळे पुसले, असं म्हणायला ती तयार झाली नसती. पाकीट उचलून तिने त्याचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

"मला फार हेवा वाटला तिचा," ती म्हणाली. "पंधरा दिवस धड जेवले नाही मी. वाईट बाई आहे मी, बघा. विचार करा अजून."

"केलाय," निवृत्ती म्हणाला. "रविवारी आईला इगतपुरीहून आणतो. अण्णा घरी असतील ना?"

"असतील. बोलणार तुम्हीच. माझा अबोला आहे."

मग तिने खुर्ची ओढली, वही उघडली आणि जोडप्याला आत बोलावलं. दोघं अंतर राखून बसले.

"बोला. काय तक्रार आहे?"

"तक्रार माझी हे," नवरा म्हणाला. "मी शेजारच्या बाईशी दोन शब्द बोललो, की ही दोन दिवस चूल पेटवत नाय. उगाच जळती माझ्यावरनं. काय करावं माणसानं?"

शेजारी निवृत्तीने खाली मान घातली. कौसल्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नशीब समजा, भाऊ," ती म्हणाली. "परक्या माणसावरून कोणी एवढं जळत नाही."