न वाजणारी खिरापत

पुडकं सुटलं, आणि मोबाइलच्या जागी छपराच्या कवेलूचे दोन तुकडे सपनाच्या ओंजळीत आले. दोन्हींच्या मध्ये कापूस दाबलेला. पोर रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता बा कोणाले फोन करंन?"

हे काल दुपारच्या सुटीत घडलं. आज वाशीमहून खासगी तपास करणाऱ्या मंजुषाताई आसेगावच्या शाळेत येऊन उतरल्या, गोविंदाच्या मोटारसायकलवरून.

गोविंदा त्यांचा मदतनीस. पेट्रोल त्याचं, धूळ त्याची, दुखरी पाठ त्याची. पेपरात नाव मात्र ताईंचं. मत्सराच्या त्या निखाऱ्यावर राख कधी धरतच नसे. परवा पेपरातलं ताईंचं कात्रण हरवलं, तेव्हा शोधायला तोच पुढे होता. आज मात्र चोर आपणच आधी धरायचा, असं त्याने वाटेतच ठरवलं होतं.

"पोरांनी मोबाइल आणावा, पण वर्गात वापरू नये, असा आमचा नेम," मुख्याध्यापक मारोतराव सांगू लागले. "सकाळी जो तो आपला मोबाइल फडक्यात बांधून ओट्यावर ठेवतो. प्रार्थना झाली की पुडकी पेटीत, पेटीला कुलूप. दुपारी आईबापाशी बोलायला तेवढी मिळतात."

"कुलूप तुटलं होतं?"

"नाही. किल्ली माझ्या खिशात."

"म्हणजे पेटीत गेलं तेव्हाच पुडक्यात कवेलू होतं. अदलाबदल प्रार्थनेत झाली. डोळे सगळ्यांचे मिटलेले."

मारोतरावांनी कपाळ पुसलं. "संध्याकाळी पालकसभा आहे. मोबाइल सापडला नाही तर सरसकट बंदी येणार. सपनाचे आईवडील पुण्याला बांधकामावर. रोज पोरीचा आवाज कानी पडेल, या एका बोलीवर तिला इथं मावशीकडे ठेवली. काल फोन लागला नाही, तसे तिचे वडील पुंजाजी तिकडून निघालेत. म्हणतात, 'लोकाच्या फोनवर माही पोर कितीक दिवस बोलंन? दाखला काढून नेतो तिले.'"

गोविंदाने फडकं उलटंपालटं केलं. हिरवं, जुन्या लुगड्याचं. "सपना, हे तुझंच का गं?"

"हो. मायनं जाताना लुगडं फाडलं. एक तुकडा मले, एक माह्या सखीले, वर्षाराणीले. भाकर बांधायले."

"वर्षाराणीकडे मोबाइल आहे?"

"नाई."

गोविंदाने वर्षाराणीला मनातल्या मनात खोडून टाकलं.

प्रार्थनेच्या वेळी ओट्यापाशी तिघं होते. पहिले हरीओम सर.

"मोबाइल शाळेत नकोच, हे मी चारचौघांत सांगतो," सर तडकले. "पण चोरी? अहो, दप्तरं मी झाडली, कपाटं मी उपसली. भुलाबाईपुढचा खिरापतीचा डबासुद्धा सोडला नाही."

"उघडून पाहिलात?"

"खिरापत ओळखायच्या आधी डबा उघडतात का बाई? हलवून पाहिला. वाजला नाही. शिरा असेल."

दुसरा मुन्ना, उशिरा आला म्हणून बाजूला उभा केलेला.

"म्या काहून घेऊ बाप्पा? माह्याजवळ तिच्याहून भारी हाय!"

"घरी कापूस आहे तुमच्या?" गोविंदाने डाव टाकला.

"कापूस कोणाघरी नाई? तुमच्या उशीत काय गोटे भरले का?"

तिसरी वर्षाराणी. व्हरांड्याच्या टोकाला एकटीच बसून वर्तमानपत्रावर भाकर खात होती, आणि घास गिळता गिळता गुणगुणत होती:

*माझ्या गं अंगणात जाईचा सडा,*
*सखीच्या पावलाचा पडेना ओरखडा.*

शेजारच्या वर्गात ज्वारीच्या धांड्यांचा मांडव होता. त्यात मातीची भुलाबाई, पुढे एक झाकलेला डबा. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी तिची गाणी म्हणत; शेवटी डबा वाजवून आतली खिरापत ओळखायची.

"कालची खिरापत तुझी ना?" ताईंनी विचारलं.

"हो. पण चोरीच्या गडबडीत गाणी झालीच नाईत."

"शिरा आंबला असेल मग," गोविंदा भुकेने म्हणाला.

"नाई खराब होत," ती चटकन बोलली.

मुन्ना मागून ओरडला, "हिची खिरापत कोणाले नाई ओळखू येत! शेंगदाणे बी वाजू देत नाई हे पोरगी. एक सपनाच ओळखे."

"आता नाही ओळखत?"

वर्षाराणीने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आता तिले येळ कुठी हाय? सुटी झाली की फोन. शाळा सुटली की फोन."

दिवस कलला. पुंजाजी आले, पायात अजून सिमेंट लागलेल्या चपला. सभेआधी सगळे कचेरीत जमले. गोविंदाने घसा खाकरला आणि हरीओम सरांकडे बोट केलं. "मोबाइलचा वैरी, तोच चोर!"

"वैऱ्याने पुडक्यात कापूस का घातला, गोविंदा?" ताई शांतपणे म्हणाल्या. "एक तुकडा हलका पडला म्हणून दुसरा जोडला. दोन तुकडे वाजतात, म्हणून मध्ये कापूस. मारोतराव, तुम्ही पुडकी हलवून बघता?"

"छे! सरळ पेटीत टाकतो."

"मग आवाज दाबायची गरजच नव्हती. दुसऱ्या कोणी नुसता दगड बांधला असता. झाकलेली वस्तू वाजता कामा नये, ही सवय खिरापत बांधणाऱ्या हाताची. तसलंच हिरवं फडकं आणखी एकीकडेच होतं, आणि ती आज वर्तमानपत्रावर भाकर खाते. आदल्या दिवशीचा शिरा तिच्याच डब्यात खराब होत नाही. शाळेत सगळं उघडून पाहिलं गेलं. ओळखल्याशिवाय न उघडण्याची वस्तू एकच होती."

त्यांनी भुलाबाईपुढून आणलेला डबा सपनापुढे ठेवला. "ओळख."

सपनाने डबा हलवला. कानाशी नेला. पुन्हा हलवला. मग ती वर्षाराणीकडे पाहत राहिली.

"कापूस हाय," ती हळूच म्हणाली. "अन् कापसात माह्या बा-मायचा आवाज हाय."

वर्षाराणीचा बांध फुटला. "म्या तो फोडणार नव्हती! तू ओळखला असता की लगेच देणार होती. तेवढ्यासाठी तरी तू आली असती. पण गाणीच नाई झाली!"

पुंजाजींनी डब्यातून मोबाइल काढला, कापूस झटकला आणि लेकीच्या हाती दिला.

"मले वाटलं, पोर गावात एकटी पडली," ते म्हणाले. "इथं तर माह्यापेक्षा जास्त वाट पाहणारी हाय. गुरुजी, दाखला राहू द्या."

"बा, दुपारी तुह्यासंगं बोलीन," सपना म्हणाली. "शाळा सुटल्यावर नाई. तवा भुलाबाई हाय."

सभेत मग फार वाद झाला नाही. पेटी राहिली. प्रार्थनेला ओट्यावर एकाने डोळे उघडे ठेवायचे, एवढं ठरलं. ते काम हरीओम सरांनी आपणहून मागून घेतलं.

अंधारायच्या आत दोघं निघाले. मागे पोरींचं गाणं सुरू झालं होतं. त्यात आता दोन आवाज एकाच सुरात होते.

"ताई," गोविंदा गाडीला किक मारता मारता थांबला, "मोबाइल विकला नसेल, फोडला नसेल, नुसता लपवला असेल, हे तुम्हाला कसं कळलं?"

"जिवाभावाचं माणूस जळतं ना, तेव्हा ते वस्तू नासत नाही. नीट घडी घालून ठेवतं." ताई मागे बसल्या. "ते कात्रण आता सीटखालून काढ, गोविंदा. पेट्रोलचा वास लागेल त्याला. आणि उद्या पेपरवाल्याशी तूच बोल."