दावणीची गाठ

एकसष्ट सालचा पोळा! प्रकाशा गावातल्या सुकलालच्या अंगणात ढवळ्या बैलाची शिंगं हिंगुळानं रंगत होती, आणि त्याच बैलाच्या रिकाम्या खुंट्याला चार वर्षांचा उखा करकचून बांधलेला होता... गुन्हा काय, तर हट्टानं लाथ मारून त्यानं रंगाची वाटी सांडली! बांधणारा त्याचा जन्मदाता, भिकन.

"राक्षस!" सुकलाल आपल्या मुलावर, भिकनवर, कडाडला. "कोनावर गया रे तू?"

तो प्रश्न कानी पडला आणि पुरणपोळीचं ताट घेऊन आलेल्या रुक्मिणीबाईचा, भिकनच्या आईचा, वीस वर्षांचा संयम सुटला. कोणावर गेला? भिकन जन्माचाच तापट, खरं आहे. पण या माणसानं, तिच्या नवऱ्यानं, लहानपणी त्याला याच खुंट्याला, याच दाव्यानं बांधून आसूड ओढले होते! ती आडवी पडायची, वळ आपल्या पाठीवर घ्यायची... आणि तोच पोरगा मोठेपणी मारकुटा निघाला, बायको दोनदा म्हसावदला माहेरी निघून गेली, तेव्हा गाव काय म्हणालं? आईनं लाडावला! नवऱ्यानंही मान डोलावली. अन्याय गिळायचा तरी किती!

ताट तिनं दाणकन ओट्यावर ठेवलं.

"तुमनावर गया! हाऊ ढवळ्या गोऱ्हा व्हता तैं शिंगे मारे. तुम्ही सहा महिना त्यानी मान खाजाडी, गूळ चारा, एक चाबूक नही लावा! बैलना सभाव वळखतस, अन् पोटना पोरना वळखता उना नही तुमले? आते हाऊ उखा... याले बी तसाच करनार?"

सुकलालच्या हातातली रंगाची चिंधी गळून पडली. पोळ्याला बैलावर हात उगारणं पाप, हे तो जन्मभर पाळत आला होता. खाली बसून तो नातवाचं दावं सोडू लागला. गाठ सुटेना.

भिकन शेजारी टेकला. "बा, तशी नही सुटत ती. खालथून वढनी पडस." "माय माले सोडे, तैं दखेल शे मी."

सुकलालनं मुलाचं मनगट धरलं आणि तो हुंदके देऊ लागला. "मी चुकनू, भिकन... चुकनू रे!"

गाठ सुटली. उखा धावत आजीला बिलगला. रुक्मिणीबाईनं दावं उचललं आणि सरळ चुलीत घातलं.

भिकननं गुळाचा खडा तळहातावर घेऊन हात पुढे केला. उखा पदराआडून हलला नाही.

"घाई करू नको," सुकलाल डोळे पुसत म्हणाला. "येई तो. ढवळ्याले बी सहा महिना लागनात."